कैदिणीचा कान

माझे दोन्ही हात तोफेच्या पोटाखाली होते, हातांत मुलगी होती, आणि तोफ उडाली.

आवाज मला आठवत नाही. लोक सांगतात, तीन गावांना ऐकू गेला. मला आठवते ती धडक. जमिनीखालून कोणी लाथ मारावी तशी. पितळेचं ते धूड मागे उसळलं, दगडी ओट्यावरून घसरलं आणि त्याची शेपटी मातीत रुतली. माझा डावा हात कोपराखाली मोडला होता, ते मला संध्याकाळी कळलं. मुलगी सासूच्या मांडीत होती. माझ्या हातातून तिच्या हातात ती कधी गेली, मला माहीत नाही. सासूलाही माहीत नव्हतं. धूर पांढरा होता आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास होता. मुलगी तोंड उघडून रडत होती आणि रडण्याचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, तिचा गळा गेला. बंद झाले होते ते माझे कान.

धूर उतरला. तोफेसमोर पायवाट आहे. त्या वाटेनं माझा नवरा पळत येत होता, मी त्याला पाहिलं होतं. आता वाटेवर त्याची एक चप्पल होती, दाराशी काढून ठेवावी तशी सरळ. तो स्वतः तिच्यामागे पाच हातांवर पडला होता. मी जवळ गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

तिरोडीच्या स्टेशनापासून पायी दीड तासावर आमचं गाव. गावाबाहेर जुन्या गढीच्या भिंतींचे ढिगारे आहेत, त्यांच्यापुढे पडीक रान, आणि रानाच्या कडेला नाला. त्या रानात कधीतरी लढाई झाली. कोणाची कोणाशी, ते प्रत्येक घर वेगळं सांगायचं. कोणी गोंड राजा म्हणायचं, कोणी नागपूरकर, कोणी गोरे. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं की शत्रू नाल्याकडून आला, हरला आणि तीन तोफा टाकून पळाला. त्या तोफा रानातच राहिल्या, धरल्यावर तोंडं उलटी नाल्याकडे फिरवून ठेवलेल्या. दोन लोखंडी, गंजलेल्या. तिसरी पितळी. ती पितळी आहे हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं, कारण तिच्यावर चार बोटं जाड शेंदूर होता.

ही तिसरी तोफ माझ्या सासरच्या पूर्वजानं धरली, असं सासू सांगायची. तो धावत तोफेवर गेला आणि बत्ती लावणाऱ्याचा हात बत्तीसकट तोडला. म्हणून तिची राखण आमच्या घराकडे. मेलेली ढोरं ओढणं, दवंडी देणं ही आमच्या घराची कामं होती. मान म्हणावा असं हे एकच. तोफेला साखळी होती, साखळीचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या दगडाला. सासू तिला कैदीण म्हणायची. दर अमावास्येला कैदिणीला तेल, शेंदूर, वाटीभर भात आणि कानात कापूर. तोफेच्या मागच्या अंगाला वरून एक बारीक भोक असतं, बत्ती लावायचं. त्याला ती कान म्हणायची. माझ्या वेळी कान म्हणजे शेंदरात पडलेली नुसती खळगी होती. खळगीत कापराची वडी जळायची आणि विझायची. सासूनं हे चाळीस वर्षं केलं, तिच्या आधी तिच्या सासूनं.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. आमच्या वस्तीतले पुरुष तिरोडीहून गाडीनं गेले, तिकडून पांढऱ्या कपड्यांत आले आणि घराघरातले देव टोपलीत भरून नाल्यात टाकले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, नव्या रीतीनं, अक्षता नाहीत, भटजी नाही. माझा नवरा खाणीवर कामाला होता, सुरुंग लावणाऱ्यांच्या टोळीत. सातवी शिकलेला, मी चौथी. त्याला देवाधर्माचा राग होता, आणि घरातच सासू अमावास्येला भाताची वाटी घेऊन निघायची. माझ्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी त्यांचं भांडण ऐकलं. पुढे नऊ वर्षं तेच ऐकलं.

"माय, बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना तू?"

"घेतल्या."

"मंग हे काय करून राह्यली?"

"त्या बावीसात तोफेचं नाव दाखव मले. कोणत्या नंबरवर हाये?"

"माय."

"देव असता तं टाकला असता. बाकीचे टाकले ना? म्याच टाकले, तुहा बाप तं रडत होता. हे कैदी हाये. जेलातल्या कैद्याले सरकार भाकर देते का नाही?"

"सरकार शेंदूर नाही लावत."

"सरकारची ऐपत नसन," सासू म्हणायची आणि वाटी घेऊन निघायची.

तो हसायचा नाही. मी चुलीकडे तोंड करून हसायचे. भांडायचं असलं की तो हळू चालत यायचा, हात मागे बांधून, शाळा तपासणाऱ्या साहेबासारखा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

वस्तीतल्या बाया दुखणाईत लेकरू घेऊन सासूकडे यायच्या. लेकरू तोफेच्या पोटाखालून तीनदा पार करायचं. एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला राखणदार घरची बाई. आधी कानात कापूर पेटवायचा आणि तो जळतो आहे तोवर तीन खेपा पुऱ्या करायच्या. कैदीण लेकराचं दुखणं ठेवून घेते, असं होतं. सासू म्हणायची, "तिले कुठं जायचं हाये? राहते तिच्यापाशी." दीक्षेनंतरही बाया यायच्या. त्यांचे नवरे खाणीवर गेले की यायच्या.

माझी दोन मुलं गेली होती. पहिला नवव्या दिवशी. दुसरी दीड वर्षाची होऊन, खोकल्यानं. ही तिसरी. पाकिस्तानची लढाई संपली त्या थंडीत ती सव्वा वर्षाची होती आणि तिला तोच खोकला लागला. तशीच धाप, तसाच ओठांचा रंग. नवऱ्यानं तिला बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. बाटलीभर लाल औषध मिळालं. बाटली अर्धी झाली आणि खोकला तसाच होता. तो म्हणाला, सव्वीस जानेवारीची सुटी येऊन राहिली आहे, परत नेऊ, नाही उतरला तर नागपूरला नेऊ. त्यानं हयगय केली असं मी कधी म्हटलं नाही. दुसऱ्या मुलीच्या वेळी सासू तोफेखाली नेऊ म्हणाली होती, त्यानं नेऊ दिलं नाही आणि मुलगी गेली. त्याबद्दल आम्ही तिघंही बोलत नव्हतो.

त्याच दिवसांत वरून कोणी साहेब आला. लढाईचा जोर होता, जिकडेतिकडे देशाचं बोलणं. साहेबाला कोणीतरी रानातल्या तोफा सांगितल्या असतील. त्यानं ठरवलं की शत्रूकडून धरलेल्या या तोफा ओट्यांवर नीट मांडायच्या, भोवती काटेरी तार लावायची, पाटी लावायची आणि सव्वीस जानेवारीला झेंडा तिथेच लावायचा. दगडी ओटे बांधले. तोफा साखळ्या आणि लाकडाच्या बल्ल्या लावून वर चढवल्या. आमच्या तोफेची साखळी छिन्नीनं तोडली तेव्हा सासू तिथं होती.  तुटलेली कडी तिनं कमरेला खोचली.

साहेबाच्या माणसानं तिन्ही तोफांच्या तोंडात बांबू घालून पाहिला. लोखंडी दोन्हींत बांबू शेवटपर्यंत गेला. आमच्या तोफेच्या तोंडात आधी मातीचा गोळा होता, कुंभारीण माशीनं घरं केली होती. ती फोडल्यावर बांबू आत गेला आणि हातभर आधीच अडला.

"मिट्टी जम गयी है साहब."

"जमने दो. बाहर से चमकाओ," साहेब म्हणाला. "ये लाल-पीला सब निकालो. तोप, तोप दिखनी चाहिए, देवी नहीं."

घासायचं काम वस्तीतल्या चौघींना मिळालं. पितळी तोफ मी घेतली, घरची म्हणून. विळ्याच्या पाठीनं दोन दिवस शेंदूर काढला. बाभळीच्या सालीसारखे थर निघत होते. थरांत केस होते, भाताची शितं होती, काचेच्या बांगडीचा तुकडा होता. कोणाची बांगडी, कोणाचं लेकरू, काय माहीत. मग चिंच आणि राख. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हात ती अशी पिवळी दिसली की रस्त्यानं जाणारे थांबले.

सासू मुलीला कडेवर घेऊन बघायला आली.

"नागडी केली वो तिले."

"साहेबानं सांगितलं, आत्याबाई."

"साहेबाची माय असती तं?"

मी घासत राहिले. कान उरला होता. कडाकोपरा सोडून भांडं घासलं तर माझी आई तेच भांडं माझ्या डोक्यावर ठेवायची. मी सायकलच्या चाकाची तार घेतली आणि कानात घातली. आधी लाल आलं, मग मेणासारखं तेलकट, कितीतरी वेळ तेच. मग तार एकदम आत गेली. वर ओढली तेव्हा तिला काळी बारीक भुकटी लागली होती. ओली नाही, कोरडी. मी पुन्हा घातली, पुन्हा काढली. तोंडानं फुंकर मारली. कान आरपार मोकळा झाला, म्हणून मला बरं वाटलं.

सासू वाकून बघत होती. तिनं पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि ती भुकटी त्यात धरली, दोन चिमटी असेल.

"तिच्या पोटातला अंगारा हाये," ती म्हणाली. "कोणालेच नाही भेटला आजवर." तिनं बोट लावून मुलीच्या कपाळावर काळा टिळा लावला. उरलेला द्रोण घरी नेऊन झोळीजवळ ठेवला.

जाताना ती म्हणाली, "उद्या तार लागन. चौकीदार बसन. मंग कोण जाऊ देते आपल्याले? आजच करू. दुपारी ते जेवाले गेले म्हणजे."

माझा विश्वास होता का? नव्हता. पण दवाखान्यात नेलं तशीच तोफेखालीही नेणार होते. रात्री मुलगी तीनदा निळी पडली होती. मी म्हणाले, "हौ."

दुपारी साहेबाची माणसं नाल्यापलीकडे आंब्याखाली डबे सोडून बसली. आम्ही दोघी तोफेपाशी गेलो. नवी मांडलेली तोफ पुढे-मागे दोन ओट्यांवर टेकली होती, मधे पोटाखाली मोकळी जागा. मी एका अंगाला गुडघ्यांवर बसले. सासूनं कानावर एक नाही, चार वड्या ठेवल्या.

"शेवटचं हाये," ती म्हणाली. "पोटभर घेऊ दे तिले."

कापूर पेटवला आणि ती दुसऱ्या अंगाला येऊन बसली. मी मुलगी पोटाखालून तिला दिली, तिनं वरून मला परत दिली. एक. पुन्हा. दोन. मुलीला गंमत वाटली असावी, ती खोकत खोकत हसली. वर कापूर वितळून फडफडत होता, मला त्याचा वास येत होता.

तेव्हा तो ओरडला. आमची वस्ती नाल्याकडेच, तोफेच्या तोंडासमोर, तिकडून वाट सरळ वर येते. तो नाल्याच्या काठावर होता.

"बाजूले व्हा! माय, बाजूले व्हा!"

"आला भांडाले," सासू म्हणाली. "आटप. एकच राह्यली."

मी मान वळवून बघितलं. तो पळत होता. भांडायला येताना तो हळू चालतो, हे मला नऊ वर्षं माहीत होतं. त्या दिवशी तो पळत होता, दोन्ही हात हलवत होता. मला ते दिसलं आणि तरी मी हात पुढे केले. एकच खेप राहिली होती.

पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

शेजारणीनं मला नंतर सांगितलं. तो पहिल्या पाळीवरून आला, हातपाय धुतले, झोळीत मुलगी नाही म्हणून त्यानं विचारलं तर शेजारीण म्हणाली, तोफेवर नेली. तो चिडला, म्हणाला, "करू दे, बुढीचं शेवटचं हाये." आणि जेवायला बसणार तोच द्रोण दिसला. त्यानं बोटात भुकटी धरली, चोळली, वास घेतला. चिमूटभर चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. ती भप्पकन पेटली. मग तो तसाच उठून निघाला. चुलीच्या काठावर तो काळा डाग मी पुढे कितीतरी दिवस बघत होते, त्यावर पोतेरं फिरवायला हात होईना. शेवटी फिरवलं.

सुरुंगाच्या दारूत त्याची दहा वर्षं गेली होती. तोफेच्या तोंडासमोरून जाणं म्हणजे काय, ते त्या गावात त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. बाजूनं यायचं तर बाभळीचं कुंपण फिरून यावं लागलं असतं. तो सरळ आला.

त्याच्या अंगातून नदीचे गोटे निघाले आणि लोखंडाचे तुकडे. ज्यांची तोफ होती त्यांनीच ती भरलेली होती. भरली आणि बत्ती लावायच्या आत धरली गेली. मग आमच्या घरच्या बायांनी पिढ्यान्पिढ्या तेल आणि शेंदूर चोपडून तिचा कान बुजवला, आत पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. जे आमच्यासाठी भरलं होतं ते आम्हीच जपून ठेवलं.

पोलीस आले, साहेब आला. साहेबाचं तोंड पांढरं पडलं होतं. विचारपूस पंधरा दिवसांनी झाली, आम्हाला ऐकू यायला लागल्यावर. सासू म्हणाली, "कापूर म्या लावला. माह्या हातानं." त्यांनी तेवढं लिहून घेतलं. कान कोणी मोकळा केला, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, तोफेला भोक असतंच. मी जवळच बसले होते, हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. मी तोंड उघडलं नाही.

झेंडा त्या वर्षी दुसरीकडे लागला.

वस्तीत सगळा बोल सासूवर आला. नाल्यावर बाया पाणी भरताना बोलायच्या, तिला ऐकू जाईल असं. बुढीनं देव सोडला नाही, पोराले खाल्लं. ज्यांनी आपली लेकरं तिच्याकडून पार करून घेतली होती त्याच बोलायच्या. एक म्हणाली, "बावीसात तोफेचं नाव नव्हतं ना, आता घाला म्हणा तेविसावं." सगळ्या हसल्या. सासू घागर भरून डोक्यावर घ्यायची आणि यायची. मी तिच्यामागे रिकाम्या हातानं चालत असायचे, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. हात बरा झाला, मी भाताच्या गिरणीवर कामाला जायला लागले, सासू मुलीला सांभाळायची. आम्ही दोघी एका चुलीवर राहिलो. दुसरीकडे कुठं जाणार होतो?

मुलीचा खोकला त्या आठवड्यात गेला. पूर्ण गेला, परत आला नाही. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. माझे कान पंधरा दिवसांत उघडले, सासूचा एक उघडला. मुलीचे उघडले नाहीत. ती लहान होती म्हणून आम्हाला वर्षभर कळलंच नाही. मागून हाक मारली तर वळत नाही, ताट पडलं तर वळते. मग सासूनं तिच्या पाठीमागे उभं राहून कैदिणीची ती तुटलेली कडी लोखंडी घमेल्यावर आपटली. ती वळली. मला बरं वाटलं. मग सासूनं घमेलं हातात अधांतरी धरलं आणि पुन्हा आपटलं. मुलगी खेळत राहिली. पहिल्यांदा तिला जमीन हलल्याचं कळलं होतं, एवढंच.

सासू म्हणाली, "खोकला घेतला, कान घेतले, बाप घेतला. जास्त घेतलं वो तिनं."

कैदिणीकडे ती पुन्हा कधी गेली नाही.

सहा-सात वर्षं अशी गेली. एका दुपारी आम्ही दोघी दारात तांदूळ निवडत होतो. मुलगी समोर अंगणात पाटीवर शाळेतली अक्षरं गिरवत होती. शाळेत तिला घेतलं होतं, मास्तर चांगला होता, तिला पुढे बसवायचा. सासू सुपातून मान वर न करता बोलली.

"तार तुह्या हातात होती."

मी थांबले.

"सायकलची. मी पाह्यलं नव्हतं काय? माह्या समोर फुंकर मारली तू."

"मंग काहून नाही सांगितलं, आत्याबाई? पोलिसाले?"

"सांगून काय? तुले नेलं असतं तं पोरीले कोण पाजलं असतं? माह्या अंगावर दूध होतं काय?"

 मी म्हणाले, "माह्यावरही बोलले असते लोक. अर्धं तरी."

"अर्धं कायले वाटाचं," ती म्हणाली. "मी बुढी होतो. मले पुरलं." मग सूप पाखडलं आणि म्हणाली, "अन् कापूर मीच लावला ना. तुह्या मोकळ्या कानानं काय झालं असतं नुसतं?"

मग ती मुलीकडे बघत बसली. मी तिला सांगायला हवं होतं की तो पळत येत होता आणि भांडायला येताना तो पळत नसे, हे मला माहीत होतं, मी ओळखलं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तांदूळ निवडून झाला, मी उठून आधण ठेवलं. त्यानंतर ती चार-पाच वर्षं जगली. रोज सांगता आलं असतं. ती गेली त्या सकाळी मी तिच्या उशाशी बसले होते, घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. तिला वाटत होतं की ते आम्हा दोघींना न कळता झालं. तेवढं तिच्याजवळ राहू दिलं, असं मी आज म्हणते. तेव्हा मला भीती वाटत होती, बाकी काही नाही.

तोफा आता ओट्यांवर आहेत. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मांडल्या, काटेरी तार लावली, ती तार लोकांनी कधीच काढून नेली. पितळीच्या कानात आणि तोंडात सिमेंट भरलं आहे. पाटीवर हिंदीत लिहिलं आहे की या तोफा वीरांनी शत्रूकडून जिंकल्या. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. माझ्या नवऱ्याचं त्यात काही नाही, आणि कशाला असेल, तो लढाईत नव्हता. शाळेची मुलं येतात, तोफेवर चढून बसतात, आईबाप फोटो काढतात. तोंडासमोर उभं राहून कोणी हसलं की माझा डावा हात दुखतो. मी अजून त्या वाटेनं जात नाही, बाभळीचं कुंपण होतं त्या अंगानं फिरून जाते. आता तिथं कुंपण नाही, नुसती मोकळी जागा आहे, तरी फिरून जाते. किती वेळ लागतो ते मी मोजलं आहे. शंभर पावलं जास्त.

झोपेत नाही, जागेपणी, भर दुपारी, मी भाकरी थापत असते आणि जमिनीखालून लाथ बसते. आवाज येत नाही. परातीतलं पीठही हलत नाही. मी मुलीकडे बघते. तिला कळलं असेल तर ती मान वळवेल, जमीन हलली की ती वळतेच. ती वळत नाही. मग मी पुढची भाकरी घेते.

तिला तोफेची भीती नाही. लहान असताना ती माझा हात सोडून तिच्याजवळ जायची आणि उन्हानं तापलेल्या पितळेवर तळवा टेकून उभी राहायची. तिला सगळं सांगितलं आहे, पाटीवर लिहून, ती अकरा-बारा वर्षांची झाली तेव्हा. तार कोणाच्या हातात होती तेही लिहिलं. तो पळत येत होता तेही. सासूला जे सांगितलं नाही ते तिला लिहून दिलं. तिनं वाचलं, ओल्या बोळ्यानं पाटी पुसली आणि माझ्या हातात परत दिली. मग तिनं बोटांनी विचारलं, तुझ्या हातातून मी आजीच्या हातात कधी गेले? मी बोटांनीच सांगितलं, माहीत नाही.

त्या दुपारी तोफेपाशी आम्ही चौघं होतो. सासू जगली, मुलगी जगली, मी जगले.